मटारावरचे डबे

४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खण्-खण्, खण्. हा आवाज तुला आठवतो का? मागच्या परसात मटारावर आपण डबे टांगले, त्या सकाळचा. तू शिडीवर, तोंडात खिळे धरलेले. तुझी वहिनी खाली, दोन्ही हातांत मावतील तितके रिकामे डबे कवटाळून. आणि मी खुर्चीत, हातात पुस्तक. डबे कुठले बिस्किटांचे, कुठले रंगाचे. खिळ्यानं भोकं पाडून तू ते दोरीत ओवलेस, दोरी आकड्यांतून फिरवत स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत नेलीस आणि टोकाला मूठ म्हणून तुझ्या शिलाई मशीनचं लाकडी रीळ बांधलंस. आतून रीळ ओढलं की बाहेर डबे खणखणायचे आणि पाखरं भुर्र. तुझ्या वहिनीनं पहिल्यांदा ओढलं तेव्हा पाखरं राहिली बाजूला, मीच खुर्चीतून ताडकन उठलो. पाखरं तर मला बुजगावण्यातही धरत नसत. तुम्ही दोघी किती हसलात! ते हसू त्या आवाजात असं मिसळून गेलंय की आता एक दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही.

खुणाही तूच ठरवल्यास. दोन झटके म्हणजे पाखरं बसलीत. तीन झटके म्हणजे चहा झाला, या. आणि एक लांब ओढ, सगळे डबे एकदम थरथरतील अशी, म्हणजे पुढच्या दारात माणूस आलंय. मागं बसलेल्याला पुढच्या दाराची कडी ऐकू येत नाही ना!

तुझी वहिनी गेली त्याला वर्ष होत आलं. परस माझ्या गळ्यात पडलं. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. सुटलेला अनुस्वार मला हातभर अंतरावरून दिसतो, पण पानाखालची गोगलगाय नाकाखाली असली तरी दिसत नाही. तरी रोज सकाळी झारी घेऊन निघतो. झारीच्या बुडाला भोक पडलंय, त्यामुळे पाणी आधी वाटेला मिळतं आणि उरलं तर टोमॅटोला. वाटेवर गवत फार सुरेख आलंय. पालकाची कुणीतरी चाळणी करून ठेवली आहे. रबरी नळीला चीर गेली आहे. मागच्या फाटकाची बिजागरी निखळून ते एका खांद्यावर कललंय. आम्ही दोघं एकमेकांना शोभतो.

आता खरं सांगतो. हसशील म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. धाकटे, डबे वाजतात.

परवा संध्याकाळी टोमॅटोच्या काठ्यांना सुतळी बांधत वाफ्यात वाकलो होतो. घरात कोणी नाही. तीन झटके आले, मधे श्वासापुरती जागा ठेवून, ती ओढायची तसे. वारा नव्हता, कांद्याची पातसुद्धा हलत नव्हती. आत गेलो. शेगडी थंड. खिडकीशी रीळ लोंबत होतं आणि ते हलत होतं, झोक्यावरून कुणी नुकतंच उतरावं तसं. शाळेत आपण डोलत डोलत, बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणायचो ना,

उडून गेले पाखरू तरी
हलते अजुनी डहाळी

त्याचा अर्थ मला गुरुजींनी कधी सांगितला नाही. तो त्या रिळानं सांगितला.

आणि हे सगळं आताच लिहायचं कारण तुझी भाची. मागे एकदा दूध शेगडीवर ठेवून मी बागेत कविता म्हणत राहिलो आणि भांडं जळून कोळसा झालं, हे मीच तिला सांगायचा शहाणपणा केला. तेव्हापासून लेकीनं माझी आई व्हायचं ठरवलंय. म्हणते की बाबा, एकट्यानं राहू देणार नाही. डिसेंबर संपायच्या आत सोबतीला कुणी आलं तर ठीक, नाहीतर ती येऊन घराला कुलूप लावणार आणि मला तिच्याकडे पाचव्या मजल्यावर नेणार. तिथं माती फक्त बुटाला लागून येते तेवढीच.

सोबत म्हणजे दुसरं कोण? तूच. तिकडे दोन खोल्यांत भिंतींशी भांडतेस, इथे येऊन माझ्याशी भांड. इथे न येण्याचा तुझा जुना पण मला ठाऊक आहे. तरी विचारतो. हे घर सोडून मी जाईन गं, पण मग ती तीन झटके कुणासाठी ओढेल?

बाकी क्षेम. लोभ आहेच, त्याला अधूनमधून पत्राचं पाणी घालावं, ही विनंती.
तुझा,
दादा


११ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसला, मग पुन्हा हसले. या वयात तू वाफ्यात वाकतोस, हीच मला भुताहून मोठी नवलाई वाटली.

आधी कामाचं. झारी रिकामी कर, चांगली वाळव आणि डाख लावून आण. तोवर आतून मेणबत्तीचं मेण वितळवून ओत, महिनाभर निघेल. नळीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळ आणि वरून तार पीळ. फाटकाच्या स्क्रूंची भोकं ढिली झाली असणार. काडेपेटीच्या काड्यांना गोंद लावून भोकात ठोक, वाळू दे, मग स्क्रू आवळ. पालकाशी संध्याकाळी ओलं पोतं पसरून ठेव. सकाळी उचललंस की सगळ्या गोगलगायी खाली सभा भरवून बसलेल्या सापडतील. आणि टोमॅटोला सुतळी आठाच्या आकड्यासारखी बांध, गळफासासारखी नको.

आता डबे. दोरी सुती आहे. दवानं आखडते, उन्हानं सैल पडते. आखडली की डबे हलणारच. नाहीतर खिडकीत उंदीर असेल. आणि तीन मोजायला तुझं मन टपूनच बसलेलं आहे. वहिनी होत्या तेव्हा त्यांनी तीनदा तीन झटके ओढले तरी साहेब उठत नसत, चहावर साय धरायची. आता म्हणे एका हाकेला धावतो!

राहिलं माझ्या येण्याचं. माझा पण तुला ठाऊक आहे म्हणतोस, तरी खुर्चीतून तुला त्यातलं अर्धंच ऐकू आलं असेल, म्हणून एकदा सरळ लिहिते.

मी तेव्हा तुमच्याकडे राहायला आले होते. वहिनी दमल्यात म्हणून सकाळी लवकर उठून परस झाडायला घेतलं. पाण्याच्या टाकीमागं एक वेल होता, कडकडीत वाळलेला. मेलाय म्हणून उपटला, तुकडे केले, खतखड्ड्यात पुरला, वर केर लोटला आणि कौतुकाची वाट बघत बसले. तो त्यांच्या आईच्या बागेतला घेवडा होता. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, बियांसाठी. आईची बाग तर केव्हाच मोडली होती. तेवढा एकच वेल उरला होता. वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की जिला वाळलेलं आणि मेलेलं यातला फरक कळत नाही, तिनं बागेत पाऊल टाकू नये. मी पिशवी उचलली आणि म्हटलं की तुम्ही स्वतः हाक मारल्याशिवाय मी तुमच्या उंबऱ्यावरही पाय ठेवणार नाही. त्यांनी बाग म्हटलं होतं, मी उंबरा केला. रागात माणूस पदरचं घालतो.

त्यांनी हाक मारली नाही, मी आले नाही. त्यांना न्यायच्या वेळीही आले नाही, आणि तेव्हा कोण काय बोललं तेही माझ्या कानावर आलंय. आता हाक मारणारं माणूसच गेलं. मग पण सोडवायचा कुणी? तू ये म्हणतोस. पण दादा, अट मी तुला घातली नव्हती.

भाचीचं ऐक. पाचव्या मजल्यावर कुंड्या ठेवता येतात.

पत्राला उशीर करू नकोस. तुझा लोभ उशिरा पोचला तरी जुना होत नाही, एवढंच बरं आहे.
तुझी,
धाकटी


२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

झारी गळायची थांबली. वाटेवरचं गवत माझ्याकडे आता रागानं बघतं. फाटकाच्या काड्यांचा तुझा इलाज जालीम निघाला. फाटक इतकं ताठ झालंय की मलाच वाकून जावंसं वाटतं. पोत्याखाली गोगलगायींची सभा खरोखर भरली होती. सभा उधळायचा धीर झाला नाही, म्हणून पोत्यासकट उचलून फाटकापलीकडे नेऊन ठेवली. त्या परत येतील, तू म्हणशील. येऊ देत. परत येणाऱ्यांचं मला हल्ली वाईट वाटत नाही.

आता डब्यांचं. तुझा दवाचा सिद्धांत खोटा पाडायचा म्हणून मी दोरीच बदलायला काढली. तशीही ती आकड्यापाशी झिजून एका धाग्यावर आली होती. डबे उतरवले, घासले, पायरीवर ओळीनं मांडले. बाजारातून नवी दोरी आणायची होती, पण गुडघ्यानं मधेच सुट्टी घेतली, त्यामुळे ते काही दिवस पायरीवरच राहिले. धाकटे, त्या दिवसांत घर फार वाईट वाटलं. ती गेल्यानंतरची शांतता मला माहीत होती. ही तशी नव्हती. ही म्हणजे कुणाला तरी बोलायचंय आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवलाय, अशी. चहा करताना कप काढायला हात गेला की बोटं फडताळातच थांबायची.

मग नायलॉनची दोरी आणली. ती दवानं आखडत नाही आणि उन्हानं सैल पडत नाही, असं दुकानदारानं शपथेवर सांगितलं. उंदरासाठी खिडकीच्या चौकटीवर पीठ पसरलं. त्यावर मुंगीचं पाऊलसुद्धा उमटलं नाही. रीळ मात्र जुनंच बांधलं. त्याच्यावर तिच्या बोटांनी खळगा पाडलाय, अंगठा टेकतो तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांद्याला माती लावत होतो. दोन झटके. मान वर केली तर मटारावर चिमण्यांची झुंबड! कोवळे शेंडे अर्धे खुडून झाले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो, मला दिसलंच नसतं. संध्याकाळी तीन. धावत गेलो. खिडकी दोरीपुरती फट सोडून बंद, कडी आतून लावलेली, पीठ जसंच्या तसं आणि रीळ हलतंय. मी तिथंच उभा राहून ते थांबेपर्यंत बघत राहिलो. मग चहा केला. दोन कप केला. सांगून टाकतो.

भीती वाटते का, विचारशील. वाटते. पण डबे वाजतात त्याची नाही. उद्या या घराला कुलूप लागल्यावर वाजतील, त्याची.

लांब ओढ मात्र एकदाही आली नाही. कोण येणार म्हणा!

एक विचारायचं राहिलं. टाकीच्या नळाचा वायसर गेलाय, थेंबथेंब गळतं. बदलायला हात घालावा तर टाकीमागं कुठलासा वेल माजलाय. मी लावलेला नाही. नळाला, पाइपाला, सगळीकडे विळखे घालून आता खालपासून वाळत आलाय. मेल्यासारखाच झालाय. उपटून खड्ड्यात टाकतो आणि नळ मोकळा करतो. खड्डा अर्धा रिकामाच आहे.

माझ्या अशा पत्रांनी घाबरू नकोस, आणि घाबरलीस तर ते लोभ कमी करायचं निमित्त करू नकोस.
तुझा,
दादा


७ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

त्या वेलाला हात लावू नकोस. नळ गळू दे, खाली बादली ठेव.

घाईत लिहितेय. आधी शेंग नीट बघ. शिवणीवर, म्हणजे शेंग जिथून उकलते तिथं, जांभळी रेघ आहे का? आणि बी पांढरं, पोटाशी शाई सांडल्यासारखा डाग असलेलं? मी तुकडे केले तेव्हा चार बिया हातावर आल्या होत्या. सुंदर म्हणून क्षणभर बघितल्या आणि खड्ड्यात टाकल्या. त्या मला अजून दिसतात. शेंगा खुळखुळत असतील तर पिकल्यात. तोड, पण वेल राहू दे.

आणखी एक. तुझ्या पत्राचा हा परिणाम, म्हणून तुलाच रागावते. काल संध्याकाळी काज करत बसले होते. अचानक सुई ठेवून उठले, दोन कप काढले, चहा गाळला आणि मग लक्षात आलं की मला कुणी बोलावलेलं नाही आणि मीही कुणाला बोलावलेलं नाही. इथे डबे नाहीत, दोरी नाही, परस नाही. खाली रस्ता आहे. दुसरा कप तसाच गार झाला. ओतून टाकवेना.

भांडणानंतरच्या वर्षी मी एकदा आले होते, हे तुला माहीत नाही. दारापर्यंत. कडीला हात लावला नाही, कारण कडी वाजवली की मग ती माझी हाक झाली असती, त्यांची नव्हे. मागून डबे ऐकू आले. दोन झटके. पाखरांसाठी. मी काही पाखरू नव्हे, असं मनाशी म्हटलं आणि परत फिरले. मूर्खच आहे मी. पण आहे ती आहे.

वेलाचं लगेच कळव. लोभाची काळजी नको, तो इथे ढिगानं पडून आहे, घ्यायलाच कुणी येत नाही.
तुझी,
धाकटी


२० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जांभळी रेघ आहे. शाईचा डागही आहे. दोन बिया या पत्रात कागदात गुंडाळून घातल्या आहेत. टपालात भरडल्या जाऊ नयेत म्हणून दुहेरी घडी केली आहे.

शेंगा तोडायला पिशवी हवी म्हणून स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात हात घातला, तर मागं एक कापडी बटवा लागला. निळा, नाडीचा, तुझ्या हातचा. शिवणीवरून ओळखला, असे बारीक टाके दुसरं कोण घालतं? आत घेवड्याचं बी. हेच. शाईच्या डागाचं, ओंजळभर, राख लावून ठेवलेलं.

मग सगळं उलगडलं. तू खड्ड्यात पुरलेला घेवडा मेला नव्हता गं. पुढल्या हंगामात तो खतातून वर आला असणार. मला ती सकाळ आठवते. तुझी वहिनी खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसून स्वतःशीच हसत होती. काय झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली की तुम्हाला नाही कळायचं, हे गद्य आहे. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तिनं ते रोप काढून टाकीमागं जुन्या जागी लावलं, दर वर्षी बी धरलं आणि ते तुझ्या बटव्यात ठेवलं. इतकी वर्षं. मी तोच घेवडा खात होतो आणि मीठ कमी आहे म्हणत होतो. यंदा बी पेरायला ती नव्हती, तेव्हा पडलेल्या शेंगेतून तो आपला आपण आला.

म्हणजे ज्यावरून तुम्ही भांडलात ते वर्षभरातच परत आलं होतं. तिला माहीत होतं, तुला नव्हतं. तिनं कळवायला हवं होतं, असं तू म्हणशील. हवंच होतं. पण तीही तुझ्याच मापाची होती. धाकटे, राग उरला असता तर बी तिनं धरलं असतं, पण तुझ्या बटव्यात ठेवलं नसतं. ही हाक नाही तर काय?

काल शेंगा सोलत पायरीवर बसलो होतो. वाळलेली शेंग उकलते तेव्हा बारीक टक् आवाज होतो. एक सोलली की दुसरी कुठंतरी आपोआप उकलल्यासारखी ऐकू यायची. मागं वळून बघितलं नाही. वळलो असतो तर थांबलं असतं.

भाचीचं पत्र आलंय. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी येते म्हणते. खोके बांधून ठेवायला सांगितलंय. आता तरी ये.

लोभ वाढला नाही तरी चालेल, पण पाय उचलावा.
तुझा,
दादा


२९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बिया पोचल्या. एक फुटली नाही, एकीवर चरा गेलाय. मुठीत धरून खिडकीत बसले. खालच्या दुकानातली मुलगी वर आली, तिनं विचारलं की आजी, काय झालं. काही झालं नाही म्हटलं. खरंच काही झालं नव्हतं, हेच तर दादा. इतकी वर्षं काही झालेलंच नव्हतं, आणि त्यावर मी एवढा मोठा रुसवा बांधला होता.

बटवा मी त्यांना शिवून दिला होता तो तुमच्या घरी पहिल्यांदा राहिले तेव्हाचा. त्या म्हणाल्या होत्या की एवढ्या सुंदर पिशवीत ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तरी मी येत नाही. रागावू नकोस, समजून घे. बटवा म्हणजे हाक नव्हे. तो त्यांनी मला दाखवला नाही, तुझ्या हाताला चुकून लागला. त्यांना मी हवी होते की फक्त बी हवं होतं, हे आता कोण सांगणार? त्यांनी न बोलावलेल्या घरात त्या नाहीत हे बघून शिरायचं, हे मला चोरासारखं वाटतं. वयानं माणसाचे गुडघे वाकतात, मान वाकत नाही. निदान माझी.

तू लेकीकडे जा. जाण्याआधी डबे उतरवून ठेव. रिकाम्या घरात वाजत राहिले तर मला इथे झोप लागायची नाही. आणि उतरवताना त्यांना सांग की... नको. काही सांगू नकोस.

घेवड्याच्या एका बीला कुंडीत जागा दिली आहे. लोभालाही तेवढीच लागते.
तुझी,
धाकटी


डिसेंबर, तिसरा शुक्रवार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा भाची येते. खोके बांधून झाले. पुस्तकांचे चार आणि बाकी संसाराचे दोन, यावरून तुझी वहिनी काय म्हणाली असती ते तूच मनात म्हण.

आज सकाळपासून बागेत आहे. जाणाऱ्यानं घर झाडून जावं, तशी बाग आवरून जावी म्हटलं. टोमॅटोची जून पानं काढली. काठ्या धुऊन मोळी बांधली. खुरप्याला तेल दिलं. वेल तसाच ठेवून, हात वाकडा घालून वायसर बदलला. आता थेंबही गळत नाही. मटार मात्र ऐन भरात आलेत. खाणारं कोणी नसताना इतकं भरून यायचं त्यांना काय कारण? पाखरांची चैन होईल.

शेवटचं काम उरलंय ते डबे. शिडी मांडून ठेवली आहे. चढायच्या आधी म्हटलं तुला चार ओळी लिहाव्या, म्हणून खुर्ची ओढून बरोबर डब्यांखाली बसलोय, मांडीवर पाटी. गेले दोन-तीन दिवस ते वाजलेले नाहीत. तीन नाहीत, दोन नाहीत. काल चिमण्या आल्या तरी नाहीत. खोके बघून ती रुसली असेल, किंवा निघून गेली असेल, मला आधी सवय व्हावी म्हणून. लहानपणी शाळेत शेवटच्या दिवशी आपण सगळ्या कविता एका दमात म्हणून टाकायचो आणि मग वर्ग किती मोठा वाटायचा, आठवतं? तसं परस आज मोठं वाटतंय. मी मोठ्यानं म्हणून बघितली ती ओळ, पाखराची. पण डहाळीच हलेना, मग कवितेला तरी

वाक्य अर्धं राहिलं. जन्मभर लोकांची अर्धी वाक्यं पुरी करून घेतली, माझं सोडवत नाही. म्हणून हे पुढचं लिहितोय, जरी हे पत्र आता पेटीत टाकायचं कारण उरलेलं नाही.

डबे वाजले. एकच ओढ. लांब. आधी खिडकीजवळचा, मग पुढचा, मग सगळे मिळून असे थरथरले की शिडी हलली. माझ्या हातातलं पेन पडलं. दोरी माझ्या डोक्यावर ताणलेली होती, ती सैल पडेपर्यंत मी खालून बघत होतो. मग उठलो. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. रीळ इतकं जोरात हलत होतं की चौकटीवर आपटत होतं. मी त्याला हात लावला नाही. खोक्यांमधून वाट काढत पुढच्या दाराशी गेलो. कडी वाजलेली ऐकू आली नव्हती. भाची तर परवा येणार. कुणी नसेलच, अशी मनाची तयारी करून दार उघडलं.

पायरीवर तू. पाठ माझ्याकडे, हातात ती जुनी पिशवी, एक पाय खालच्या पायरीवर गेलेला.

तू वळलीस. मी काही विचारायच्या आत तूच सांगितलंस की तू कडीला हात लावला नव्हतास. बराच वेळ उभी होतीस, हाक काही आली नाही, आणि आता निघालीच होतीस. मग विचारलंस की आत्ता मागून डबे ऐकू आले, ती दोरी मी ओढली का. मी माझ्या बोटांवरची शाई तुला दाखवली आणि म्हटलं की मी मागं होतो, डब्यांखाली.

आत कुठंतरी ते रीळ अजून चौकटीवर हळूहळू आपटत होतं, ते आपण दोघांनी ऐकलं. मग तू चपला काढल्यास, पिशवी सावरलीस, आणि उंबऱ्यावर पाय ठेवताना माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणालीस की आले.